केसपेपरवर 'घरी पडली' असं लिहिलंय

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून तेवढं वगळून बाकीचं त्यांच्याच शब्दांत देते.

"माई, माझं वय ४८. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात भांडी घासते, ठेकेदारामार्फत. हे सहावं वर्ष. मिरगाच्या पहिल्या पावसात रात्री साडेदहाला तळणाची मोठी कढई सिंककडे नेताना पाय सरकला आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. सुपरवायझर गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी 'खंय पडली?' विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, 'घरा.' केसपेपरवर तसंच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी ठेकेदार घरी आला, दोन हजार रुपये दिले आणि एका कागदावर डावा अंगठा घेतला. मी न्हाणीत पडले असं त्यावर आहे म्हणे. आता म्हणतो, तुझ्या जागी माणूस घेतलाय, हात बरा झाला की बघू. पगार १४ हजार. त्यातून पीएफ कापतात आणि वर १०५ रुपये कसलेतरी कापतात. रबरी चप्पल घालून गेले, पुठ्ठ्यावर नीट पाय ठेवला नाही, माझीच चूक, असं सगळे म्हणतात. घरचे पण. चवथ तोंडावर आलीय. सोमवारी प्लास्टर काढायला जायचंय. मी काय करू?"

ताई, सगळ्यात आधी त्या १०५ रुपयांबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात. १४ हजारांचा पाऊण टक्का काढा. बरोबर १०५ येतात. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, त्यात कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक स्वतःचे सव्वातीन टक्के घालतो. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ही योजना आहे. याचा अर्थ, दर महिन्याला तुमच्या घामाच्या पैशातून तुमचा विमा भरला जातोय आणि तो कशासाठी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मला याचा फार राग येतो, म्हणून स्पष्ट लिहिते: कामावर हातपाय मोडला तर त्या दिवसांची मजुरी मिळावी, हेच त्या १०५ रुपयांचं काम आहे.

कामावरच्या इजेमुळे तुम्ही काम करू शकत नाही, तितके दिवस ईएसआयकडून मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. तुमच्या पगारावर ती महिन्याला अंदाजे १२,६०० रुपये होते. किती महिने हप्ता भरला, ही अट कामावरच्या इजेला नसते. उद्या कुणी कामाला लागली आणि परवा पडली तरी तिला हा हक्क आहे. इजेमुळे निदान तीन दिवस तरी काम बंद राहिलेलं असावं लागतं, आणि तुमचे तर महिना उलटून गेला. उपचाराचा खर्चही त्यातच येतो. मनगटात कायमचं अधूपण राहिलं, तर वैद्यकीय मंडळ तपासून किती टक्के ते ठरवतं आणि त्याप्रमाणे पुढेही रक्कम मिळते.

हे सगळं मात्र एका शब्दावर अडतं. कुठे पडलात?

मी तीस वर्षं एका सरकारी इस्पितळाच्या हाडांच्या ओपीडीत परिचारिका होते. पावसाळा लागला की सकाळी बाकं भरून माणसं. मनगट, घोटा, खुबा, माकडहाड. डॉक्टर विचारणार, कसं झालं? मी लिहून घेणार. किती बायकांच्या केसपेपरवर मी 'घरी पडली' असं लिहिलं असेल, आठवून आज झोप लागत नाही. कारण नंतर ड्रेसिंग करताना त्याच बाया हळूच सांगायच्या, "सिस्टर, घरी नाही, शेठकडे पडले." तेव्हा मला वाटायचं, हाड जुळायचं ते जुळणारच, काय फरक पडतो? फरक किती पडतो ते खूप उशिरा कळलं. एक बाई दोन वर्षांनी मला शोधत आली. हात वाकडा, काम गेलेलं, आणि हातात माझ्याच अक्षरातला तो कागद. म्हणून आता तुमच्यामागे लागतेय.

तर सोमवारी जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा: "मी हॉटेलच्या किचनमध्ये, ड्युटीवर असताना, ओल्या फरशीवर पडले. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आलेल्या माणसाने चुकीचं सांगितलं. मी जे सांगते ते आजच्या तारखेने लिहून घ्या." जुनी नोंद कुणी खोडणार नाही, आणि खोडूही नये. खाली नवी नोंद होऊ शकते. हॉटेलातलं कुणी सोबत येतो म्हणालं तर नको म्हणा. बहिणीला किंवा मुलाला न्या. केसपेपर, एक्सरे, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळ्याचे फोटो काढून दोन फोनांत ठेवा.

आता तो अंगठा. घाबरू नका. तुम्ही सहा वर्षं मस्टरवर सही करताय ना? सही येणाऱ्या बाईचा डावा अंगठा त्या कागदावर का आहे, याचं उत्तर कागदच देतो: उजवा हात प्लास्टरमध्ये होता. म्हणजे तो कागद पडल्यानंतर घेतलेला. असा कागद तुमच्याविरुद्ध दाखवतील, हे खरं. पण तो शेवटचा शब्द नाही. त्या रात्री तुम्ही ड्युटीवर होतात हे मस्टर सांगेल. शेजारच्या सिंकवर कोण होतं, कुणी उचललं, त्यांची नावं आजच वहीत लिहा. सुपरवायझरने घरी फोन केला असेल तर त्या फोनची वेळ जपून ठेवा. किचनच्या दारावर कॅमेरा असेल तर त्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवा असं हॉटेलला लेखी कळवा. आणि ते दोन हजार? न्हाणीत पडलेल्या बाईला ठेकेदार घरी येऊन पैसे का देईल? एवढंच विचारा.

पुढचं पाऊल म्हणजे अपघाताची खबर. कायद्याप्रमाणे ती तुम्ही तोंडी दिली तरी चालते आणि तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी दिली तरी चालते. सुपरवायझरसमोर पडलात म्हणजे मालकाला कळलंच आहे, त्याने अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवायला हवा होता. तरीही आता लेखी द्या. दोन ओळी पुरेत: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक काम करताना पडले, उजवं मनगट मोडलं. एक प्रत ठेकेदाराला, एक हॉटेलच्या मॅनेजरला, आणि दोन्ही रजिस्टर पोस्टाने. पावती जपा. तिसरी प्रत घेऊन पणजीच्या ईएसआय कार्यालयात जा. जाताना आधार, बँकेचं पासबुक, पगाराची पावती आणि विमा क्रमांक न्या. क्रमांक पावतीवर छापलेला असतो. पावती देत नसतील तर आधार दाखवून नाव सापडतं का, हे तिथेच विचारा. तुमची डिस्पेन्सरी, म्हणजे ईएसआयचा जवळचा दवाखाना, कोणती हेही तिथे कळेल. मोठ्या उपचारासाठी ईएसआयचं स्वतःचं इस्पितळ मडगावला आहे. पेडण्याहून ते लांब पडतं हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी डिस्पेन्सरी गाठा. रजेचं सर्टिफिकेट तिथूनच मिळतं आणि पैसे त्या सर्टिफिकेटवर मिळतात. मागचे दिवस सरकारी इस्पितळाच्या कागदांवर कसे धरायचे, तेही त्यांना विचारा.

"आणि ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नसतील तर?" ही शंका तुमच्या मनात आली असणार. असे ठेकेदार असतात. पण मालकाने हप्ता बुडवला म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय तुम्हाला देते आणि मालकाकडून वसूल करते. शिवाय हप्त्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे हॉटेलची असते. "ती आमची नाही, ठेकेदाराची आहे" हे तिथे चालत नाही.

मजुरीची ही रक्कम तुम्ही घेत असता त्या काळात तुम्हाला सहसा कामावरून काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. "तुझ्या जागी माणूस घेतलाय" हे वाक्य ठेकेदाराने म्हटलं त्या दिवसाची तारीख वहीत लिहा.

हे पत्र अशाही कुणी वाचत असतील ज्यांचे असे १०५ रुपये कापले जात नाहीत: लहान खानावळ, चार-पाच माणसांचं दुकान. त्यांच्यासाठी १९२३ सालापासून चालत आलेला भरपाईचा कायदा आहे, तो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. त्यात भार थेट मालकावर. तात्पुरतं काम बंद पडलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी मूळ मालकाकडे मागता येतं. आणि हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार कायद्याने रद्दबातल. मात्र एकाच इजेसाठी ईएसआय आणि हा कायदा, दोन्हीकडून मिळत नाही. या वाटेला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात. वकिलाची गरज पडली तर स्त्रीला, तिचं उत्पन्न न बघता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन.

आता चुकीचं बोलू. तुम्ही लिहिलंय, माझीच चूक. ताई, मी ते किचन पाहिलेलं नाही, पण तशी किचनं पाहिली आहेत. रात्री साडेदहाला तळणाच्या चुलीपासून सिंकपर्यंतची ती पाच पावलं. रव्यात घोळवलेले बांगडे दिवसभर तळलेले, तेलाचे बारीक थेंब फरशीवर. त्यावर भांड्यांचं साबणाचं पाणी. मागचं दार उघडं, त्यातून पावसाची झड आत. फरशी गुळगुळीत, कारण ती घरासारखी दिसावी म्हणून घातलेली. मॉप फिरवतात, पण थंड पाण्याच्या मॉपने तेल निघत नाही, ते पातळ होऊन सगळीकडे पसरतं. आणि त्यावर पुठ्ठा! हा पुठ्ठा मी जिथे जाईन तिथे बघते. फ्रीजच्या खोक्याचा, मधोमध पायांनी काळा पडलेला. पहिला तासभर तो तेल पितो, मग पाण्याने भिजून त्याची साल सुटते आणि पायाखालची वरची साल खालच्या सालीवरून घसरते. म्हणजे पडू नये म्हणून जे टाकलंय त्यावरूनच माणूस पडतो. आणि ती कढई. दोन्ही हात तिला लागलेले, पावलं दिसत नाहीत, तोल गेला तर हात पसरायची सोय नाही. शेवटच्या क्षणी कढई सोडून तुम्ही हात टेकलात म्हणून मनगट मोडलं. नाहीतर डोकं त्या सिंकच्या कडेवर होतं.

यातली कोणती गोष्ट तुमच्या हातात होती? फरशी तुम्ही निवडली नाही. दुसरा माणूस कढई धरायला नव्हता. पुठ्ठा त्यांनी टाकला. चप्पल तुमची होती, पण बंद, पकड असलेले बूट त्यांनी दिले होते का? कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यातच लिहिलं होतं की फरशी, जिने, वाटा घसरायला लावतील अशा पदार्थांपासून मोकळ्या ठेवायच्या. ती जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची. तुमचं हॉटेल म्हणजे कारखाना नाही, पण तेल तेच आणि हाडंही तीच. शिवाय हक्काचा प्रश्न घ्या: ईएसआयला तुमची चूक होती का याच्याशी घेणंदेणं नाही. तुम्ही मालकाचं काम करताना पडलात, इतकं पुरतं. वर सांगितलेल्या भरपाईच्या कायद्यातसुद्धा नुसता निष्काळजीपणा म्हणून भरपाई नाकारता येत नाही. दारू पिऊन किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडून झालेल्या इजेचं वेगळं. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. आपल्याकडे बाई पडली की आधी "बघून चालता येत नाही?" असं म्हणतात, मग उचलतात.

हाताबद्दल आता मला नर्स म्हणून बोलू द्या. प्लास्टर निघाल्यावर हात बघून दचकाल. बारीक झालेला, कातडी सुकलेली, मनगट हलत नाही, बोटं सुजलेली. हे नेहमीचं आहे. गावात कुणीतरी नक्की सांगेल, अमुक वैद्याकडे जा, तेल लावून ओढून मोकळं करतो. जाऊ नका. नुकतं जुळलेलं हाड ओढून घ्यायची वस्तू नाही. फिजिओथेरपी इस्पितळातच मागा. तोवर आजपासून, प्लास्टर असतानाच, बोटांची मूठ करायची, पूर्ण उघडायची, दर तासाला दहा वेळा. कोपर आणि खांदा दिवसातून तीनदा पूर्ण फिरवायचा, डोक्यावर हात नेऊन केस विंचरल्यासारखा. मनगट मोडलेल्या बायकांचा खांदा आखडतो तो याच आळसाने, आणि मग मनगट बरं होऊन हात वर जात नाही. बसताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. बोटं निळी पडली, बधिर झाली, दुखणं गोळीने न थांबता वाढत गेलं, तर सोमवारची वाट न बघता त्याच क्षणी इस्पितळ. प्लास्टर निघाल्यावर आग-आग होणं, कातडी चकचकीत होणं, नुसत्या पदराच्या स्पर्शाने कळ येणं, असं काही झालं तर "होईल बरं" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लवकर उपचार झाले तर ते आटोक्यात येतं.

आणखी एक. तुमचं वय ४८. पाळी जाण्याच्या सुमाराला बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात, उभ्याच्या उभ्या पडून मनगट मोडणं ही कधीकधी त्याची पहिली खूण असते. हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा. ठेकेदार उद्या म्हणेल, हिची हाडंच कच्ची. म्हणू दे. कच्च्या हाडांच्या बाईलाही कोरडी फरशी मिळालीच पाहिजे.

तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून पाठवते. कुणी पडलं तर काखेत हात घालून लगेच उभं करायचं नाही. आधी विचारायचं: मान दुखते? पाय हलतात? डोकं आपटलं? हात विचित्र वाकलाय का? हात मोडल्यासारखा वाटला तर ओढणीने गळ्यात बांधायचा, बांगड्या नि अंगठी लगेच काढायची, कारण तासाभरात सूज येऊन त्या निघत नाहीत. डोकं आपटलं असेल आणि उलटी झाली, ग्लानी आली, तर १०८. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्सरे साफ आला तरी दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. तिथलं एक लहान हाड मोडलेलं असूनही पहिल्या फोटोत दिसत नाही, आणि सुटलं तर जन्मभर छळतं.

फरशीचं म्हणाल, तर गरम पाणी आणि तेल काढणारं लिक्विड ओतून पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग ब्रशने घासायचं, वायपरने मोरीत ओढायचं. मधे एकदा, तळण ऐन जोरात असताना. त्याला वेळ लागतो, माणूस लागतो. तो माणूस मागा, सगळ्यांनी मिळून मागा.

ताई, सोमवारचं आठवणीत ठेवा: कागदावर त्या दिवसाची तारीख आणि 'कामावर' हा शब्द, तुमच्यासमोर लिहून घ्या आणि मगच खुर्चीवरून उठा. आणि तुमच्या जागी घेतलेल्या त्या बाईला, तुमची तिची ओळख असो-नसो, एक फोन करा. तिला म्हणावं, रात्री तळण संपलं की आधी तो पुठ्ठा उचल आणि कढई एकटीने नेऊ नकोस.